बॅटरी नेमकं कोण खातंय?

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी: सोनी ए६४०० कॅमेऱ्यावर त्याच्यासोबत आलेल्या किट लेन्सऐवजी टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ लेन्स लावली आणि तेव्हापासून बॅटरी दोन तासही टिकत नाही. हळदीला घातलेली बॅटरी अक्षता पडायच्या आत संपते. लातूरचा दुकानदार म्हणतो, "दुसऱ्या कंपनीची लेन्स बॅटरी खाणारच, विकून टाका."

विकू नका. मांडवातल्या अपुऱ्या उजेडात एफ/२.८ किती कामाला येतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. ही लेन्स किट लेन्सपेक्षा थोडी जास्त वीज घेईल, पण दोन तासांत बॅटरी आडवी होण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. कॅमेरा सारखा जागा राहतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

आधी हिशोब करू. ए६४०० आला २०१९ मध्ये, पण त्यातली एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी सोनीच्याच २०१० च्या नेक्स कॅमेऱ्यांपासून चालत आलेली, १०२० एमएएचची. सोनी सांगते स्क्रीनवर साधारण ४१० फोटो आणि व्ह्यूफाइंडरवर ३६०. हे आकडे सीपा नावाच्या जपानी संघटनेच्या ठरलेल्या चाचणीतून येतात, आणि त्या चाचणीत दर ३० सेकंदांना एक फोटो काढतात. ३६० फोटो गुणिले ३० सेकंद म्हणजे बरोबर तीन तास. त्यातही मधूनमधून कॅमेरा बंद केला जातो. म्हणून बॅटरी फोटोंवर मोजू नका, कॅमेरा किती वेळ जागा होता त्यावर मोजा. डीएसएलआरमधून, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यातून, डोळा लावून बघायला जवळजवळ काहीच वीज लागत नसे. ए६४०० मध्ये आरसा नाही, इथे तुम्ही नुसतं बघत असलात तरी सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा तिन्ही चालू असतात. लग्नात दोन तास कॅमेरा अखंड चालू ठेवून ऐंशीच फोटो काढले, तरी बॅटरी तळाला गेलेली असू शकते.

आता लेन्सकडे या. तिला स्वतःची बॅटरी नाही. फोकसची मोटर, अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) आणि थरथर थांबवणारं व्हीसी, सगळं माउंटवरच्या पितळी ठिपक्यांतून कॅमेऱ्याच्याच जिवावर चालतं. मोटर जितकी फिरेल तितकी वीज जाणार. म्हणून मेनूत पहिल्यांदा प्री-एएफ शोधा. ते चालू असेल तर बटणाला बोटही न लावता लेन्स सतत फोकस करत राहते. मांडवात माणसं हलतात, दिवे लुकलुकतात, त्यामुळे मोटरला क्षणभर उसंत नसते. शांत खोलीत लेन्स कानाजवळ धरा. कॅमेरा इकडेतिकडे फिरवल्यावर आत बारीक कुरकुर ऐकू आली किंवा बोटांना जाणवली, तर समजा ते चालू आहे. बंद करा. एएफ-सी (बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत सतत फोकस) ठेवायला हरकत नाही, पण बटण अर्धं दाबून वरातीची वाट बघत उभं राहायची सवय सोडा.

दुसरं कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं. व्ह्यूफाइंडरपाशी डोळा ओळखणारा सेन्सर असतो. कॅमेरा गळ्यात लटकला की तो पोटाला टेकतो, कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी डोळा लावलाय, आणि व्ह्यूफाइंडर चालू होतो. तुम्ही चालताय, शर्ट मागेपुढे होतोय, तो चालू-बंद होत राहतो. त्यात १७-७० पुढे जड, तिच्या वजनाने कॅमेऱ्याचं नाक खाली जातं आणि पाठ पोटाला आणखी चिकटते. नवी लेन्स लावल्यापासून त्रास सुरू झाला, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं. पट्टा तिरका घालून कॅमेरा कमरेला घ्या, नाहीतर काम नसताना सरळ बंद करा. पॉवर सेव्ह एक मिनिटावर ठेवा, बटण अर्धं दाबलं की कॅमेरा परत जागा होतो. जायकवाडीला पाणकाठावर पक्ष्यांची वाट बघत बसतानाही मी असंच करतो.

अंदाजावर राहू नका, घरी एक चाचणी करा. बॅटऱ्यांवर चिकटपट्टी लावून पेनाने क्रमांक टाका. एकच बॅटरी दर वेळी पूर्ण भरून घ्या. एअरप्लेन मोड चालू, पॉवर सेव्ह ३० मिनिटांवर. पहिल्यांदा लेन्स काढून, माउंटला टोपण लावून, वीस मिनिटं कॅमेरा चालू ठेवा आणि टक्के लिहून घ्या. मग टॅमरॉन लावून, प्री-एएफ आणि स्टेडीशॉट (मेनूत व्हीसी याच नावाने चालू-बंद होतं) बंद ठेवून तेच. तिसऱ्यांदा दोन्ही चालू करून, समोर हलणारा पंखा ठेवून. लेन्सशिवायच बॅटरी झरझर उतरली तर लेन्सचा काही दोष नाही, बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा स्वस्तातली आहे. फक्त तिसऱ्या वेळी फरक पडला तर सेटिंग तेवढी बदला. सगळं बंद असूनही नुसती लेन्स लावल्यावर मोठी घसरण दिसली, तरच लेन्सवर संशय घ्या.

रात्रीची चाचणीही करा. लेन्स लावून कॅमेरा बंद, सकाळी टक्के बघा. दुसऱ्या रात्री ब्लूटूथ बंद करून तेच. मोबाइलशी ठिकाणाची माहिती जोडलेली असेल तर बंद कॅमेराही थोडी थोडी वीज पीत राहतो. कॅननच्या जुन्या लेन्स अडॅप्टरवर (मधल्या जोडकड्यावर) लावणाऱ्यांनी तर ही चाचणी जरूर करावी. काही अडॅप्टर कॅमेरा बंद असतानाही वीज ओढतात, अशा वेळी बॅटरी काढून ठेवणं हाच उपाय.

संशय लेन्सवरच आला तर ते पितळी ठिपके बघा. लग्नातली हळद, जत्रेतला गुलाल-भंडारा, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, यांचा पातळ थर त्यावर बसतो. मग लेन्स आणि कॅमेऱ्याचं बोलणं मध्येच तुटतं आणि पडद्यावर अॅपर्चरच्या जागी एफ पुढे नुसत्या रेघा दिसतात. मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर किंवा खोडरबर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघतो. त्यानंतर टॅमरॉनच्या संकेतस्थळावर लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं आलंय का बघा. या लेन्सला स्वतःचं यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे अपडेट कॅमेऱ्यातूनच करावं लागतं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तेव्हाच हात घाला.

बॅटऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एक तरी मूळ सोनीची असू द्या. स्वस्त बॅटरीवर आकडा मोठा छापलेला असतो, पण चाळीस टक्क्यांवरून एकदम पाचवर येते ती तीच. शिवाय आपला उन्हाळा. कॅमेऱ्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा ४० अंश, आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत पारा ती सहज ओलांडतो. गाडीच्या डिकीत पडलेली बॅटरी त्याहून जास्त तापते. उष्णतेने त्या दिवसाची वीज फार जात नाही, पण बॅटरीची ताकद कायमची कमी होते. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत निवू द्या.

व्हिडिओसाठी मेनूत यूएसबी पॉवर सप्लाय चालू करून पॉवर बँक जोडा, आत बॅटरी मात्र असावी लागते. आणि एवढं सगळं करूनही घरच्या चाचणीत दुसऱ्या वेळची, म्हणजे सगळं बंद ठेवून लेन्स लावल्यावरची, घसरण तशीच राहिली, तर लेन्स आणि कॅमेरा दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला न्या, लिहिलेले टक्केही सोबत दाखवा.