वृद्धाश्रमातली व्यक्ती अंगाने जाड असली तरी तिचं कुपोषण होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं, आणि नेमकं हेच अनेकदा परिचारिकांच्या नजरेतून निसटतं. कुपोषित म्हणजे हडकुळा ही समजूत इतकी पक्की असते, की जाड माणसाचे स्नायू झडत असले तरी शंका येत नाही. पायांवर सूज असेल तर वजनकाटाही फसवतो. म्हणून कुपोषणाचा धोका गुणांनी मोजणाऱ्या ‘मस्ट’ या तपासणीत बीएमआयबरोबर (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) गेल्या 3 ते 6 महिन्यांत आपोआप घटलेलं वजनही धरतात: 5 ते 10 टक्के घट असेल तर 1 गुण, त्याहून जास्त असेल तर 2, म्हणजे मोठा धोका. ताट अर्धं परत आलं तर कृपया ‘वयामुळे भूक मंदावली’ म्हणून सोडून देऊ नका. कवळी सैल आहे का, गिळताना ठसका लागतो का, ते बघा. मात्र हे गुण फक्त धोका दाखवतात, निदान डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडूनच करून घ्या.