ग्राफ डेटाबेसमध्ये घटनांचा क्रम कसा ठेवावा? 'नेक्स्ट' नातं लावावं की टाइमस्टॅम्प पुरतो?

तुम्ही म्हणताय की कारखान्यातल्या मशीनच्या नोंदी, म्हणजे बिघाड, तपासणी, पार्ट बदलला वगैरे, निओफोरजेमध्ये (प्रत्येक गोष्ट एक ठिपका म्हणजे नोड, आणि त्यांच्यातलं नातं म्हणजे बाण, असा ग्राफ डेटाबेस) टाकायच्यात आणि एका घटनेकडून पुढच्या घटनेकडे नेक्स्टचा बाण काढायचा की नुसती वेळ, म्हणजे टाइमस्टॅम्प, ठेवून त्यावरून ऑर्डर बायने क्रम लावायचा ते ठरत नाहीये.

टाइमस्टॅम्प ठेवा, आणि एक नाही, दोन ठेवा. घटना घडली ती वेळ, आणि ती सिस्टीमला कळली ती वेळ. नेक्स्ट नंतर बघू. लावलंच तर ते घडल्याच्या वेळेवरून काढा, एन्ट्री ज्या क्रमाने आली त्यावरून कधीही नको.

एवढं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीपायी माझ्या मामांची दोन एकर द्राक्षं एक्स्पोर्टमधून बाहेर राहिली, आणि ती सिस्टीम बनवणाऱ्या टीममध्ये मीच होतो.

2020 चा हंगाम. मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, आमचा क्लायंट युरोपला द्राक्षं पाठवणारा एक निर्यातदार. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट पोर्टलवर प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूचा म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचा रिपोर्ट हे सगळं होतंच, पण क्लायंटला स्वतःचं हवं होतं, प्लॉटमध्ये छाटणीपासून कंटेनर जेएनपीटी बंदराला लागेपर्यंत काय काय झालं ते एका स्क्रीनवर. नाशिकचा निर्यातदार याबाबतीत किती घाबरतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला होता ते अजून कोणी विसरलेलं नाही.

पहिलं भांडण मी जिंकलो होतो. आमच्या टेक लीडना फवारणी हे नातं म्हणून हवं होतं, प्लॉटकडून औषधाकडे एक बाण आणि त्यावर तारीख. मी म्हटलं, मग कोणी मारलं, कुठल्या बॅचचं औषध, किती पाणी, हे कुठे जोडणार? नात्यावर प्रॉपर्टी ठेवता येते पण नात्याला दुसरं नातं जोडता येत नाही. म्हणून फवारणी हा स्वतंत्र नोड. तुम्हीही बिघाड, तपासणी, पार्ट बदलणं हे सगळे नोडच करा, यात विचार करण्यासारखं काही नाही.

दुसरं भांडण मी हरलो. त्यांचं म्हणणं, ग्राफ आहे तर साखळी करू, प्रत्येक प्लॉटला 'शेवटची घटना' असा एक बाण, नवीन घटना आली की जुन्या शेवटच्यातून नेक्स्ट काढून नवी शेवटाला लावायची, आणि नोडवर वेळ फक्त सर्व्हरची. मी म्हणत होतो की फोनवरची वेळ पण घ्या, शेतात रेंज नसते, एन्ट्री उशिरा येणार. उत्तर मिळालं की शेतकऱ्याच्या फोनच्या घड्याळावर आपण विश्वास ठेवायचा का, आणि तारखेवरूनच सॉर्ट करायचं तर मग साधा तक्त्यांचा एसक्यूएल डेटाबेस काय वाईट होता. मी नवीन होतो, गप्प बसलो.

मामांचा मळा निफाड तालुक्यात. जानेवारीत तिकडे पारा खाली गेला की मणी तडकू नयेत म्हणून लोक रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, त्या आठवड्यात मामा तेच करत होते, झोप नाही काही नाही. 11 तारखेला सकाळी भुरी या बुरशीच्या रोगासाठी त्यांनी शेवटची फवारणी केली, बांधावर उभं राहून अ‍ॅपमध्ये नोंद पण केली. रेंज नव्हती, नोंद फोनमध्येच राहिली. 14 तारखेला लॅबची माणसं येऊन रेसिड्यूसाठी नमुना घेऊन गेली, त्यांची एन्ट्री लगेच चढली. मामांचा फोन वायफायला लागला 15 च्या रात्री, आणि तेव्हा ती फवारणी साखळीच्या शेपटाला जाऊन बसली. नमुना, नेक्स्ट, फवारणी.

नमुन्यानंतर फवारणी म्हणजे रिपोर्ट कितीही चांगला येवो, त्या मालाला त्याचा उपयोग नाही. स्क्रीनवर प्लॉट लाल झाला. क्लायंटच्या माणसाने तोडणी थांबवली आणि कंटेनर दुसऱ्यांच्या मालाने भरला. मामांनी मला फोन केला, "अरे, मी अकराला मारलंय, वहीत लिहिलंय, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये पंधरा कसं आलं?" खरं-खोटं होईपर्यंत आठवडा गेला, माल जास्त पिकला, शेवटी लोकल व्यापाऱ्याला किलोमागे वीस-पंचवीस रुपये कमीने द्यावा लागला. वरून गावात चर्चा, की यांनी नमुना दिल्यावर औषध मारलं. मामांना पैशापेक्षा ते लागलं.

ऑफिसात टेक लीड म्हणाले, "डेटाच चुकीचा आला तर मॉडेल काय करणार?" डेटा चुकीचा नव्हता. उशिरा आलेला डेटा आणि चुकीचा डेटा यात फरक आहे, आणि तो फरक ठेवायला जागा करणं हेच तर मॉडेलचं काम. सप्लाय चेनमधल्या घटनांसाठी जीएसवन या बारकोडचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं ईपीसीआयएस नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ हे दोन वेगळे फील्ड आहेत. आणि निओफोरजेमध्ये तारीख-वेळेचे टाइप 3.4 मध्ये, 2018 लाच आले होते, म्हणजे तारखांसाठी वर्ष, महिना, दिवस असे वेगळे नोड करून झाड उभं करायची पण गरज नव्हती.

आता तुमच्या नेक्स्टबद्दल. साखळीच्या मध्ये घटना घालायची म्हणजे एक बाण तोडायचा आणि दोन नवे लावायचे, हे जमतं. पण दोन एन्ट्री एकाच वेळी आल्या तर दोघींना तोच शेवटचा नोड दिसतो आणि साखळीला दोन फाटे फुटतात. एका नोडमधून एकच नेक्स्ट निघेल हे तुम्हालाच सांभाळावं लागतं, लिहिण्याआधी मशीनच्या नोडवर लॉक घेऊन, म्हणजे आपलं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून. दुसरं, एक घटना अनेकांची असते. आमच्याकडे पॅकहाउसला तीन प्लॉटचे क्रेट एका पॅलेटमध्ये जायचे, पॅकिंगचा नोड एकच, त्यात तीन नेक्स्ट येणार, आणि पॅलेटवरून मागे चालत गेलं की कुठला बाण कोणाच्या प्लॉटचा ते कळायचं नाही. तुमच्याकडे एक मोटर या मशीनमधून काढून त्या मशीनला बसवली की हेच होणार. म्हणून घटना मशीनला, पार्टला, माणसाला जोडा, आणि क्रम ज्याचा त्याचा वेळेवरून काढा.

आणि 'यानंतर' आणि 'यामुळे' ही नाती एकत्र करू नका. बेअरिंग गेलं म्हणून शाफ्ट बदलला, हा बाण माणसाने विचार करून लावलेला असतो, तो जपून ठेवा, ग्राफचा खरा फायदा तिथे आहे. नुसतं एकामागून एक घडलं हे तर तारखाच सांगतात. आमच्याकडे 'नमुना कुठल्या फवारण्यांनंतरचा' असा बाण लॅबच्या माणसाने मामांची वही बघून लावला असता तर कोणाचं घड्याळ बरोबर हा प्रश्नच आला नसता. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने 1978 मध्येच मांडलंय, वेगवेगळ्या ठिकाणच्या घड्याळांवर सगळा क्रम ठरत नाही, काही घटनांमध्ये आधी-नंतर सांगताच येत नाही आणि ते तसंच ठेवावं लागतं.

बाकी काही गोष्टी. तुमच्या नोंदी एकाच कंट्रोलरमधून नंबर पडून येत असतील तर तो नंबरच वापरा, वेळेपेक्षा तो पक्का. फोनचं घड्याळ चुकतं हे टेक लीडचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर दुसरी वेळ ठेवायची, आणि दोन्हीत फार अंतर दिसलं तर माणसाला विचारायचं, परस्पर लाल करायचं नाही. एकाच मशीनची यादी तारखेप्रमाणे दाखवायची एवढंच काम असेल तर पोस्टग्रेससारखा साधा तक्त्यांचा डेटाबेस पुरेल, ग्राफच्या मागे लागू नका. आणि 'ग्रीस' सारखा नोड हजारो घटनांना जोडला जाणार असेल तर क्वेरी त्या बाजूने सुरू करू नका, मशीनकडून सुरू करा.

एक राहिलं. नंतर मी मामांची ती एन्ट्री उघडून पाहिली. अ‍ॅपमध्ये तारखेचा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता, म्हणून त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, "11 ता. सकाळी 7 वा., 600 लि. पाणी". ते त्या नोडवर पहिल्या दिवसापासून होतं, टेक्स्ट म्हणून. तुमच्याकडे जुना डेटा असेल तर मॉडेल ठरवायच्या आधी शेऱ्याचा रकाना वाचून काढा, ऑपरेटर लोक खरी वेळ तिथेच लिहून ठेवतात.