आपल्याच गिरणीच्या कापडावर कर?

प्रश्न : हल्ली रोज टॅरिफच्या बातम्या वाचतोय म्हणून विचारतो. माझे पणजोबा परळच्या गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते, आणि घरात सगळे सांगतात की इंग्रज सरकार इथे तयार होणाऱ्या कापडावरच कर लावायचं. हे खरं आहे का? टॅरिफ तर बाहेरून येणाऱ्या मालावर असतं ना? आणि तो कर गेला कसा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरी ऐकलंत ते अगदी खरंय. १८९६ ते १९२५ अशी जवळजवळ तीस वर्षं हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज, म्हणजे इथेच तयार होणाऱ्या मालावरचा कर, होती. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडावर आयात ड्युटी किती? तीही साडेतीनच! बाहेरच्या मालाला जेवढा कर तेवढाच घरच्यालाही, म्हणजे आपल्या गिरण्यांना चुकूनसुद्धा आधार मिळायला नको.

हे सगळं लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या इंग्लंडमधल्या भागातल्या, गिरणीमालकांच्या दबावाखाली झालं. त्यांच्या दबावामुळेच १८८२ मध्ये इथली जवळपास सगळी आयात ड्युटी काढून टाकली होती, पण पुढे चांदी घसरली, रुपया चांदीचा म्हणून तोही घसरला, लंडनला पौंडात पाठवायचे पैसे भागेनात आणि तिजोरीत खड्डा पडला, म्हणून १८९४ मध्ये नाइलाजाने ५ टक्के ड्युटी परत आणली, तीसुद्धा आधी कापड वगळून. वर्षाअखेरीला कापडावर ड्युटी आली ती इथल्या वीस नंबरच्या वरच्या सुतावर (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) एक्साइज सोबत घेऊनच. लँकेशायरला तेवढंही पुरलं नाही, मग १८९६ मध्ये सुतावरची ड्युटी काढली, कापडावरची कमी केली आणि इथल्या गिरण्यांच्या सगळ्याच कापडावर एक्साइज बसवली. हातमाग तेवढे सुटले.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. मुंबईच्या गिरण्या तेव्हा मुख्यतः जाडंभरडं कापड काढायच्या, मँचेस्टरचा माल बारीक, दोघांची टक्कर फारशी नव्हतीच, तरी गरिबाच्या अंगावरच्या जाड्याभरड्या धोतरावर कर बसला तो कुणाच्या भल्यासाठी? आणि जे खुल्या व्यापाराचे धडे देत होते त्या इंग्लंडनेच १७२१ मध्ये कायदा करून छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली होती, आपल्याकडून जाणाऱ्या कापडाची तिथल्या विणकरांना इतकी धास्ती होती. स्वतःचा धंदा उभा राहीपर्यंत दार बंद, उभा राहिला की दुसऱ्याचं दार उघडायला लावायचं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हेच मांडलं होतं, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेलं अर्थशास्त्र जसंच्या तसं इथे लागू होत नाही, इथे उद्योगाला सरकारचा हात लागेल. टिळकांनी तर १८९६ मध्ये या एक्साइजविरुद्ध विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली, बंगालच्या स्वदेशी चळवळीच्या नऊ वर्षं आधी.

आता कर गेला कसा. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी आयात ड्युटी साडेसात टक्के झाली, एक्साइज मात्र साडेतीनवरच राहिली, म्हणजे पहिल्यांदाच थोडा फरक पडला. पण तोवर जपान पुढे आला होता, चीनमधलं आपलं सुताचं गिऱ्हाईक त्याने घेतलं होतं आणि नंतर त्याचं कापड इथे येऊन मुंबईच्या मालाशी भिडायला लागलं. १९२५ मध्ये मालकांनी मंदीचं कारण देत मजुरी साडेअकरा टक्के कापायची ठरवली, मालक सरकारला म्हणायचे आधी एक्साइज काढा मग कपात मागे घेतो. सप्टेंबरात संप सुरू झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, दोन-अडीच महिने गिरण्या बंद. शेवटी डिसेंबरात सरकारने एक्साइज थांबवली, मजुरी पूर्ववत झाली आणि १९२६ मध्ये करच रद्द केला. सभा, ठराव, अर्ज तीस वर्षं चालले होते, पण त्या शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिली ती परळ-लालबागच्या चाळींमधली माणसं. तुमचे पणजोबा तेव्हा साच्यावर असतील तर ते त्या संपात असण्याची खूप शक्यता आहे, घरात कुणी जुनं माणूस असेल तर नक्की विचारा.