मॅट मेकअप हवाय, पण चेहरा पांढराफटक नको

अगं, तू लिहिलंयस की दोन तासांत नाक-कपाळ चमकायला लागतं, मग वरून पावडर मारतेस आणि दुपारपर्यंत चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा दिसतो. मीही या भानगडीत एकापाठोपाठ तीन पावडरी बदलल्या. फरक शून्य. गडबड पावडरच्या आधीच झालेली असते.

त्वचा तेलकट म्हणून मॉइश्चरायझर बंद केलंयस ना? ते आधी सुरू कर. तेलकट चेहऱ्यावरही नाकाच्या बाजूला, हनुवटीवर बारीक कोरडे पापुद्रे असतात आणि फाउंडेशन, म्हणजे त्वचेचा रंग एकसारखा करणारं क्रीम, नेमकं त्यांनाच धरून बसतं. हलकं जेल मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, मग दहा मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात केस विंचरून घे. थर ओले असतानाच पुढचं काही चोळलंस, तर खोडरबराच्या कचऱ्यासारख्या वळ्या निघतात.

प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा, त्वचा गुळगुळीत दिसावी म्हणून) फक्त जिथे रंध्रं मोठी दिसतात तिथेच, तोही बोटाने दाबून. फाउंडेशन वाटाण्याएवढं पुरे. चेहऱ्याच्या मध्यापासून सुरुवात करून ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने थापत कडेला ने. डाग झाकण्यासाठी पूर्ण चेहऱ्यावर दुसरा थर चढवू नकोस, डागापुरतं कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, लाव.

आता पावडर. लहान, मऊ ब्रश घे. पावडर घेतल्यावर मनगटावर झटक, इतकी की ब्रशवर काही उरलंय की नाही अशी शंका यावी. मग फिरवायची नाही, दाबायची: कपाळाचा मध्य, नाक, नाकपुड्यांच्या बाजू, हनुवटी. बस्स. गाल आणि चेहऱ्याच्या कडा तशाच सोड. खऱ्या त्वचेला थोडी चमक असतेच, ती सगळीकडून पुसली की चेहरा मुखवट्यासारखा सपाट होतो. नाकपुडीजवळच्या घडीत आणि डोळ्यांखालच्या रेषांत फाउंडेशन साचतं, ते आधी अनामिकेने टिपून सपाट कर आणि लगेच चिमूटभर पावडर दाब. साचलेल्यावरच पावडर बसली, तर ती रेष दिवसभर हलत नाही.

क्रीम ब्लश (गालांवरची लाली) वापरत असशील तर पावडरच्या आधी. नंतर लावलास तर ठिपके पडतात. (चेहरा मॅट असताना ओठही एकदम कोरडे मॅट ठेवू नयेत, हे आपलं माझं मत.)

दुपारी चमक आली की पावडरच्या डबीला हात लावायचा नाही. आधी ब्लॉटिंग पेपर (तेल टिपणारा पातळ कागद), नसेल तर टिश्यूचा एक पदर, नाकावर पाच सेकंद दाबून धर. घासू नकोस. तेल न टिपता पावडर लावणं म्हणजे चेहऱ्यावर कणीक मळणं. टिपल्यावर बहुतेक वेळा पावडर लागतच नाही.

एखाद्या समारंभाला जायचं असेल तर आदल्या दिवशी फ्लॅश टाकून स्वतःचा फोटो काढ. काही पावडरींमधल्या सिलिका या खनिजामुळे फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात, आरशात ते अजिबात कळत नाहीत.

आणि सुट्टीच्या दिवशी एक कर: चेहरा धुऊन काहीही न लावता दोन तास राहा, मग टिश्यू दाबून बघ. तेलाचे डाग कुठे उमटले ते इथे लिही. कपाळावर नसतील तर तिथली पावडरही वगळू.