सही, शिक्का आणि करदाता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे यंत्रमाग आहेत. कर्जासाठी बँकेत दिलेले उलाढालीचे प्रमाणपत्र ‘यूडीआयएन नाही’ म्हणून परत आले. ते माझे जीएसटीचे काम पाहणाऱ्या सल्लागाराने आणून दिले होते. त्यावर सीएची सही आणि शिक्का आहे. सल्लागाराच्या कार्यालयात शॉप अ‍ॅक्टचे व जीएसटीचे प्रमाणपत्रही लावलेले आहे. मग अडचण कोणती? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बँकेने प्रमाणपत्र परत केले हे योग्यच झाले. सनदी लेखापालाने (सीएने) दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रासाठी १ फेब्रुवारी २०१९ पासून यूडीआयएन हा दस्तऐवजाची ओळख पटवणारा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक बंधनकारक आहे. त्यातले पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे सहा त्या लेखापालाच्या सदस्यत्वाचे असतात, त्यामुळे शिक्क्यावरच्या सदस्य क्रमांकाशी ते जुळतात की नाही हे कोणालाही पाहता येते. सनदी लेखापाल संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर हा क्रमांक टाकला की दस्तऐवजाचा प्रकार आणि लेखापालाने नोंदवलेले प्रमुख आकडे दिसतात. आठ लाखांचे अठरा लाख केलेले प्रमाणपत्र तिथेच उघडे पडते. सहीनंतर साठ दिवसांच्या आत हा क्रमांक घेता येतो. म्हणून सल्लागारामार्फत न जाता, शिक्क्यावर नाव असलेल्या सीएंना स्वतः भेटा. तुमच्या वह्या व बँक खात्याचे उतारे न पाहता ज्यांनी सही केली असेल, त्यांच्याकडून केवळ क्रमांक मिळवून भागणार नाही, आणि सही त्यांची नसेलच तर प्रकरण बनावट दस्तऐवजाचे आहे व त्याची तक्रार करणे तुमच्याच हिताचे आहे.

भिंतीवरच्या कागदांविषयीही लिहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेने केवळ सूचना द्यायची असते, आणि आपण ज्याला शॉप अ‍ॅक्ट लायसन्स म्हणतो ती बहुतेक वेळा त्या सूचनेची पोच असते. तिच्यावरून कोणाचीही व्यावसायिक पात्रता ठरत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी मात्र खरी पात्रता आहे. त्या नोंदणीवर विवरणपत्रे भरता येतात. तरीही केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे विवरणपत्रातील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडेच राहते. तालुक्याच्या गावांत विक्रीकराच्या काळापासून करसल्लागारांनी छोट्या व्यापाऱ्यांना मोठा आधार दिला आहे, हे मी आदराने नमूद करतो. सनदी लेखापालाच्या सहीचे प्रमाणपत्र देणे तेवढे त्यांच्या अधिकारात नाही.

प्रश्न : एका एजंटने मला आयकराचा मोठा परतावा मिळवून दिला आणि त्यातले दहा टक्के घेतले. आता विभागाचा संदेश आला. विवरणपत्रात मी कधीही न दिलेली राजकीय पक्षाची देणगी दाखवली आहे. लबाडी एजंटची असताना दंड मला का? – एक नोकरदार, नाशिक

उत्तर : कारण विवरणपत्र तुमचे आहे आणि ते तुमच्या ओटीपीने सत्यापित झाले आहे. एजंटवर वेगळी कारवाई होऊ शकते, पण त्यामुळे तुमची देयता संपत नाही. अशा खोट्या वजावटींच्या टोळ्यांवर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कारवाई केली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२५ मध्ये सांगितले.

हिशोब पाहा. २० टक्क्यांच्या टप्प्यात एक लाखाची खोटी वजावट म्हणजे उपकरासह २०,८०० रुपये कर बुडवणे होय. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७०ए खाली कराच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४१,६०० रुपये दंड होऊ शकतो, आणि मूळ कर व व्याज त्याखेरीज भरावे लागते. याउलट चूक स्वतःहून दुरुस्त करणारे अद्ययावत विवरणपत्र (अपडेटेड रिटर्न) भरल्यास कर आणि व्याज यांच्या बेरजेवर अतिरिक्त कर लागतो : निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या बारा महिन्यांत ५० टक्के, त्यापुढे ६० आणि ७० टक्के. ही सोय ४८ महिन्यांपर्यंत आहे, परंतु कारवाई सुरू झाल्यावर तिच्यावर बंधने येतात. म्हणून आलेला संदेश निव्वळ सूचनेचा आहे की रीतसर नोटीस आहे, हे याच आठवड्यात सीएंना दाखवून नक्की करा. परताव्याच्या टक्केवारीवर शुल्क ठरवण्यास सनदी लेखापालांना त्यांच्या आचारसंहितेची मनाई आहे. त्यामुळे असा सौदा कोणी पुढे केला की तिथूनच उठावे.

प्रश्न : नवा आयकर कायदा आला असताना आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र कोणत्या कायद्याखाली भरायचे? – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : १९६१ च्याच. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्याखालील पहिले करवर्ष २०२६-२७ आहे.

प्रश्न : मुलगी सीएची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या लेखापरीक्षणावर ती सही करू शकेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सध्या नाही. परीक्षा, संस्थेचे सदस्यत्व आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमानुसार शेवटच्या पायरीवाचून व्यवसाय करता येत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ प्रमाणपत्र मिळाले तरी लेखापरीक्षणाचे काम करता येत नाही आणि यूडीआयएनही घेता येत नाही. पुढे तिने पूर्णवेळ व्यवसाय सुरू केला तर राज्याच्या सहकारी लेखापरीक्षकांच्या नामिकेवर (मान्य यादीवर) नाव असावे लागते. त्यासाठी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान या दोन्ही अटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये आहेत. दुसरी अट तुमच्या घरी पूर्ण झालेलीच आहे. पहिलीसाठी तिला एखाद्या सहकार क्षेत्रातील फर्ममध्ये काम करावे लागेल.