मग देवाने मला का हरवलं?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. परवा उपांत्य सामन्यात, तिसऱ्या गेममध्ये ती 19-20 अशी मागे होती. समोरच्या मुलीने मारलेलं शटल रेषेबाहेर पडलं आणि पंचांनी हिला गुण दिला. हिने हात वर करून सांगितलं, ‘जाताना माझ्या बाहीला लागलं.’ पंचांनी निर्णय बदलला, गुण समोरच्या मुलीला गेला आणि 21 होऊन सामना तिथेच संपला. प्रशिक्षक चिडले, ‘पंचांचं काम तू कशाला केलंस?’ म्हणाले. ते तिने ऐकून घेतलं. पण रात्री मला विचारलं, ‘मी रोज देवाला हात जोडते, खरंही बोलले. मग त्याने मला का हरवलं?’ मला उत्तर सुचेना. आता ती देवाला हात जोडत नाही. तिला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, उत्तर सुचलं नाही तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, हे फार चांगलं केलंत. ‘देव परीक्षा पाहतो’, ‘पुढच्या वेळी दामदुपटीने देईल’ असलं काही बोलून गेला असतात, तर ते तिने मनात धरून ठेवलं असतं. आणि पुढची स्पर्धाही ती हरली तर? मग खोटं कोण, देव की आई?

आधी प्रशिक्षकांचं बघू. मी चोवीस वर्षं बॅडमिंटनचा पंच होतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. पंचाची खुर्ची जाळीच्या टोकाला असते. खेळाडू वळलेला असेल तर त्याची पलीकडची बाजू तिथून दिसत नाही. बाहीला पीस घासून गेलं तर आवाजही होत नाही. ते कळतं फक्त जिच्या बाहीला लागलं तिला. शटल अंगाला किंवा कपड्याला लागलं की तो फॉल्ट, म्हणजे गुण समोरच्याला, मग पुढे ते कुठेही पडो. म्हणजे तो गुण तुमच्या मुलीचा नव्हताच. तिने पंचांचं काम केलं नाही. पंचांना जे दिसणं शक्य नव्हतं, ते सांगितलं.

आता देवाचं. मी सतराव्या वर्षी असाच एक सामना खेळलो. माझी रॅकेट जाळीला लागली, अगदी ओझरती. तोही फॉल्टच. पंचांना दिसलं नाही. समोरच्या मुलाला दिसलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती. मी जिंकलो. हस्तांदोलन करताना त्याने बोटं नुसती टेकवली आणि काढून घेतली. त्या सामन्याआधी मी मनोभावे प्रार्थना केली होती, ती फळली म्हणायची. पण रात्री देवासमोर उभा राहिलो, तर आभार मानायला शब्दच फुटेना. कशाबद्दल मानणार? पुढे कित्येक दिवस मी देवासमोर जायचंच टाळलं. तुमची मुलगी आज रुसली आहे. मी तोंड लपवत होतो. रुसलेलं माणूस परत येतं ताई, त्याला येऊ द्या. हात जोड म्हणून मागे लागू नका.

तिला 1980 सालचा मुंबईचा कसोटी सामना सांगा. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गेले होते. त्यानंतर बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या विश्वनाथना खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी सहाव्या गड्यासाठी 171 धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. हे शेवटचं वाक्य गाळू नका. आपण मुलांना सच्चेपणाच्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक बक्षिसावर संपणाऱ्या. धावपटू एरिक लिडेलचंच घ्या. रविवार हा देवाचा दिवस, म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो 100 मीटर धावला नाही आणि 400 मीटरचं सुवर्ण जिंकला. सगळे ही गोष्ट सुवर्णपदकासाठी सांगतात. पण 100 मीटर सोडायचं त्याने ठरवलं तेव्हा पदक कुठे हातात होतं?

शिवाय पलीकडच्या मुलीनेही सामन्याआधी हात जोडले असतील. दोघी मागणाऱ्या, सामना एक. माझ्यापुरतं सांगायचं तर मी देवाकडे निकाल मागणं फार पूर्वी सोडून दिलं. खुर्चीवर चढताना एवढंच म्हणायचो, ‘जे दिसेल तेच बोलू दे.’ तुमच्या मुलीला तिच्या देवाकडे काय मागायचं ते तिचं तिला ठरवू द्या. मात्र एकदा विचारा, ‘हात वर करताना तुला भीती वाटली होती का?’ तिचं उत्तर मध्ये न बोलता ऐका.

आणि एक राहिलं. त्या सामन्याची नुसती खरेपणाची गोष्ट करून टाकू नका. ती खेळाडू आहे. 19 पर्यंत ती कशी पोहोचली, कुठले गुण हातचे गेले, बॅकहँडला शटल आलं की पाय अडतात का, हे कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा आधी हे विचारा.