शेतात सापडलेलं सापाचं नवजात पिल्लू मलूल झालंय, दूध पाजून घरीच जगवू का?
नाही, दूध अजिबात पाजू नका आणि पाळूही नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते सर्पमित्राकडे सोपवा. मी सर्पमित्रांसोबत काम करतो. मलूल पिल्लू उपाशीच असेल असं नाही: जन्मतः पोटात बलक शिल्लक असतो, पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्लं खातच नाहीत, आईचीही गरज नसते. जीव जातो तो आपल्या मराठवाड्यातल्या उन्हानं. म्हणून पिल्लू ज्या डब्यात ठेवलंय तो सावलीत हलवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला साप घरी ठेवता येत नाही. एक लक्षात घ्या, नाग किंवा घोणस असेल तर पिल्लालाही पहिल्या दिवसापासून विष असतं. ओळख पटेपर्यंत झाकण उघडू नका.